जुनें लेबल, नवी बाटली



गेल्या महिन्यांत आमच्या घरीं घडलेली गोष्ट. नातवानें डोक्याला लावावयाचें तेल आणलें होतें. तपकिरी काचेची बाटली, पिवळसर लेबल, भोंवतीं वेलबुट्टी, आणि मधें जुन्या दवाखान्याच्या थाटाचीं अक्षरें. रात्रीं खोकल्याची उबळ आली म्हणून आमच्या मंडळींनीं अंधुक उजेडांत तेंच ‘औषध’ चमच्यांत ओतलें! वासावरून चूक ध्यानांत आली, म्हणूनच निभावलें.

साबण, तेलें, इतकेंच काय, मद्येंही आज असा जुना वेष धारण करितात. १९९९ सालीं निघालेली स्कॉटलंडची ‘हेंड्रिक्स’ जिन औषधी वळणाच्या काळसर, बुटक्या बाटलींत मिळते. जुनें लेबल पाहिलें कीं मनांत विश्वास उपजतो, हें विक्रेत्यांनीं ओळखलें आहे.

पण तीं लेबलें त्या विश्वासास पात्र होतीं काय? अमेरिकेंत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ हें दांत येणाऱ्या बालकांसाठीं विकलें जाई. जाहिरातींवर मायलेकरांचीं गोड चित्रें असत. बाटलींत मात्र मॉर्फिन असे! अफू, मॉर्फिन, कोकेन, मद्यार्क हीं द्रव्यें असल्यास लेबलावर नमूद केलींच पाहिजेत, असा दंडक तेथें १९०६ च्या कायद्यानें घातला.

जुन्यांत अनुकरणीय कांहींच नव्हतें, असें मात्र नाहीं. ब्रिटनमध्यें १८६८ च्या कायद्यानें विषाच्या बाटलीवर ‘विष’ हा शब्द व विक्रेत्याचें नांव-पत्ता देणें भाग पडलें. अंधारांतही बोटांना ओळख पटावी म्हणून अशा बाटल्यांच्या अंगावर उंच रेघा ठेवीत. आपल्याकडे कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीला खांचा पाडलेली कागदी पट्टी डकवी. एक खांच म्हणजे एक मात्रा. निरक्षर रोग्यालाही ती वाचतां येई. त्या पट्टींत शोभा नव्हती, सांगणें होतें.

आजच्या चित्रकारांना माझी विनंती एवढीच कीं, वेलबुट्टी खुशाल घ्यावी. परंतु वस्तूचें नांव व उपयोग सर्वांत ठळक अक्षरांत द्यावा, आणि पोटांत न घ्यावयाच्या वस्तूला पोटांत घेण्याच्या औषधाचें रूप देऊं नये.

आमच्या बाटलीवर मीं पांढरी पट्टी डकवून लिहिलें आहे: ‘डोक्याचें तेल. पिऊं नये.’ त्यामुळें निम्मी वेलबुट्टी झांकली गेली व नातू थोडा रुसला आहे. पण त्याची आजी आतां निर्धास्त झोंपते.