काळ्या लाकडावरील रेघ
(सुदुंबरे येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



श्रीसंताजी जगनाडे महाराजांच्या समाधीच्या या गावी बोलावयास उभे राहावे, एवढी माझी योग्यता नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर काळ्या फळ्यावर पांढऱ्या रेघा ओढलेला शाळामास्तर. चिटणीसांनी ‘आपला जुना धंदा’ हा विषय सुचविला. परंतु घाण्याची थोरवी आपण दरवर्षी ऐकतोच. म्हणून घाण्याचे लाकूड कापताना मजकडून घडलेली एक चूक आणि तीमुळे कळलेली एक लहानशी विद्या, एवढेच आज निवेदन करतो.

आमच्या घरचा लाकडी घाणा १९७४ च्या सुमारास बंद पडला. उखळ कुजून गेले, लाट तेवढी उरली. बाभळीचा गाभा मुळातच तांबूस, त्यात वर्षानुवर्षे भुईमुगाचे तेल मुरलेले. लाट बुक्क्यासारखी काळी झाली होती. वडील निवर्तल्यानंतर तिचे चार पाय करून बसून लिहिण्याचे उतरते मेज बनवावे, असे माझ्या मनाने घेतले. लाट एकच होती. दुसरी मिळणे नव्हते.

प्रथम शिसपेन्सिलीने आखणी केली. ओढताना दिसलेली रेघ मान वळवताच नाहीशी होई. काळ्यावर करडे कसे उठून दिसावे? तेव्हा फळ्याचा अनुभव स्मरला. सुताला चुना लावून ताणले व टिचकी मारून पांढरीशुभ्र रेघ उमटविली. मोठ्या समाधानाने निजलो. वैशाखाचे दिवस होते. सकाळी पाहतो, तो रेघ जवळजवळ पुसलेली! कोणी हात लावला नव्हता. ताज्या तासलेल्या लाकडातून उन्हाळ्याने तेल पाझरले आणि चुन्याने ते शोषून घेतले. चुन्याची भुकटी पांढरी दिसते ती कणांमधील हवेमुळे. त्या जागी तेल शिरले की पांढरेपणा जातो. तेल लावलेला कागद पारदर्शक होतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय शेंगदाण्याचे तेल जवसाच्या तेलासारखे वाळून घट्ट होत नाही. ही कारणमीमांसा मला नंतर सुचली. त्या सकाळी मात्र उरलेल्या अंधूक खुणेवरून अंदाजाने करवत चालविली आणि एका पायाचे कुसू चार बोटे आत कापून बसलो.

वडिलांच्या हातची एकच वस्तू, आणि तिची मीच ही गत केली. दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

अखेर शेजारच्या गावच्या वृद्ध सुतारकाकांना बोलाविले. त्यांनी दोष दिला नाही. “गुरुजी, काळ्या लाकडावर रेघ लावायची नसते, कोरायची असते,” एवढेच म्हणाले. पृष्ठभागावर चाळलेली राख पसरून त्यांनी वरवरचे तेल टिपून घेतले. खडूने कच्ची आखणी केली. कारण खडू पुसता येतो, कोरलेली रेघ पुसता येत नाही. मग गुण्या धरून धारदार सुरीच्या टोकाने बारीक चीर पाडली आणि दार लावून कंदील लाकडाच्या अगदी बाजूला, खाली ठेवला. समोरच्या उजेडात न दिसणारी चीर आडव्या उजेडात आपल्याच सावलीने स्पष्ट उमटली! इतकी वर्षे मुलांना छाया-प्रकाश शिकविणारा मी थक्क होऊन पाहत राहिलो.

या चिरेचा आणखी एक गुण असा की, तिला जाडी जवळपास नसते. चुन्याची रेघ कधी कधी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, रुंद पडते; मग कापावे अलीकडून की पलीकडून? ओंडका चिरताना ते चालते, सांध्याला चालत नाही. चिरेत पटाशीची धार आपोआप बसते. मात्र नसांच्या आडवी चीर सरळ जाते. नसांच्या बाजूने सुरी भरकटू पाहते, तेथे हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवावी. शिसव, खैर यांसारख्या काळपट लाकडांनाही हीच रीत लागू पडते. अलीकडे कारागीर पांढरी कागदी चिकटपट्टी लावतात, तीवर आखून सुरीने कापतात आणि टाकाऊ बाजूची पट्टी सोलून काढतात. मी स्वतः करून पाहिले. उत्तम साधते, परंतु तेलकट लाकूड आधी स्पिरिटने पुसावे लागते. सूत्र धरणारा तो सूत्रधार, त्यावरून ‘सुतार’ शब्द आला, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल! पण ते सूत्र धरायचे कसे, हे सेवानिवृत्तीनंतर कळले.

बिघडलेल्या पायास सांधा देऊ नये, असे काकांचे मत पडले. त्यांनी उरलेले तिन्ही पाय त्याच मापाने आखून कापले. मजुरी घेतली नाही. वाटीभर घाण्याचे तेल मागितले, तेही मला शहरातून आणावे लागले.

मेज चार बोटे बुटके झाले आहे. माझे गुडघे आता त्यापाशी बसू देत नाहीत. सात वर्षांच्या नातीला मात्र ते बरोबर येते. उन्हाळ्यात तिच्या वहीच्या कडांना अद्याप तेलाचे डाग पडतात.