दगड जागेवरच हवा

चर्चगेटला आज ना चर्च दिसतं, ना गेट. गेट किल्ल्याच्या तटाबरोबर १८६०च्या दशकात पाडलं गेलं. ज्या चर्चमुळे त्याला हे नाव मिळालं, ते १७१८ सालचं सेंट थॉमस मात्र फोर्टात अजून उभं आहे. ब्रिटिश काळात मुंबईतली अंतरं तिथूनच मोजत. त्या मोजणीचे रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड काळबादेवी, दादर अशा भागांत रस्त्याकडेला टिकून आहेत. रस्ते उंचावत गेले, तसे काही जवळजवळ गाडलेच गेले. वर उरलेल्या डोक्याचा उपयोग बसायला!

मग ते संग्रहालयात का नेऊ नयेत? तिथे ते सुरक्षित राहतील, हे खरंच. पण मूर्ती हलवली तरी मूर्तीच राहते. मैलाचा दगड हलवला की खोटं बोलू लागतो. त्याचा अर्थ अक्षरांइतकाच जागेत असतो. परक्या सत्तेची खूण कशाला जपायची, असंही कुणी म्हणेल. पण हा दगड कुणाचा गौरव करत नाही, फक्त अंतर सांगतो. शहर कुठून मोजलं जात होतं, याचा तो पुरावा आहे. तेव्हा पदपथ खोदण्याआधी कडेचा काळा दगड एकदा धुऊन पाहा.