उंबरठा कोणी ओलांडायचा?

(देवळाली प्रवरा येथील व्याख्यानाचा पाठ)



धर्मप्रसाराचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच शब्द ऐकू येतात, तलवार आणि तांदूळ. गोव्यात तलवार होती, हे खरेच आहे. १५६० साली तेथे इन्क्विझिशन बसले आणि १८१२ पर्यंत ते चालले. परंतु आपण ज्या राहुरी तालुक्यात बसलो आहोत, तेथे ख्रिस्ती धर्म तलवारीने आला नाही. तो बैलगाडीने आला, राहुट्या ठोकीत आला आणि बहुतेक वेळा पायी आला. तो कसा आला, कोणत्या दाराने शिरला आणि ते दार कोणी उघडे टाकले होते, याचा विचार रागाने होत नाही. त्यासाठी इतिहास मोकळ्या मनाने वाचावा लागतो.

प्रारंभ थोडा दुरून करू. येशूनंतर त्याचा धर्म यहुदी समाजाच्या एका पंथाएवढाच होता. तो भूमध्य समुद्राभोवती पसरविला पौलाने. पौल मूळचा तार्सस नगरीचा आणि तंबू करण्याच्या धंद्यातला. रोमन साम्राज्याचे पक्के रस्ते आणि सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा, ही त्याची दोन साधने. गावात गेला की तो प्रथम यहुद्यांच्या सभास्थानात जाई. तेथे विरोध झाला की बाहेरच्यांकडे वळे. मात्र त्याच्या यशाचे मर्म प्रवासात नाही, एका वादात आहे. ग्रीक मनुष्याला ख्रिस्ती व्हायचे असेल, तर त्याने आधी यहुदी झाले पाहिजे काय? सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, हे सारे त्याला बांधील काय? इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेममध्ये यावर खल झाला आणि सुंतेची सक्ती नको असे ठरले. त्या दिवशी तो धर्म यहुदियाच्या बाहेर पडला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता अहिल्यानगरकडे, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरकडे वळू. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले. कंपनी सरकारला त्यांचे येणे मुळीच रुचले नव्हते. व्यापारात धर्माचा घोळ त्यांना नको होता. इंग्रज सरकार आणि मिशनरी एकाच माळेचे मणी, ही आपली समजूत निदान त्या काळापुरती तरी दुरुस्त केली पाहिजे. १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्हज, हार्वे आणि रीड हे तिघे नगरला आले. त्यांच्यासोबत बाबाजी नावाचा एक मराठी ब्राह्मण होता, तोही ख्रिस्ती झालेला. हार्वे पुढल्याच वर्षी वारला. तरीही मिशन हलले नाही. १८३९ साली हरिपंत खिस्ती यांनी बाप्तिस्मा घेतला. (त्यांचे आडनाव ख्रिस्तावरून आलेले नाही, ते पूर्वापार देशस्थी आडनाव आहे. इतिहासाला कधी कधी असा विनोद सुचतो.) १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिक नगरलाच निघाले. सिंथिया फॅरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहून ज्योतिराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे.

परंतु शहरातले हे ब्राह्मण धर्मांतरित हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे होते. खरा प्रसार झाला तो खेड्यांत, नेवाशाकडे, वडाळ्याकडे, राहुरीकडे. पावसाळा सरला, वाटा वाळल्या की मिशनरी आणि त्यांचे मराठी सहकारी दौऱ्यावर निघत. आज या गावाबाहेर राहुटी, चार दिवसांनी पुढच्या. ते चावडीवर बोलत, बाजारात बोलत. पण बसत ते महारवाड्यात आणि मांगवाड्यात. तेथे शाळा काढीत. जो मुलगा गावच्या शाळेच्या ओसरीवरही चढू शकत नव्हता, त्याच्या हाती ते पाटी देत. मग १८७६-७७ चा दुष्काळ आला, १८९६-९७ चा आला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. पोरक्या मुलांना मिशनने आसरा दिला. आपण म्हणतो, ‘पोटासाठी बाटले.’ असेल. पण त्या पोटात किती दिवस अन्न नव्हते, हे त्यांच्याच गावच्या वाड्यांतून कोणी जाऊन विचारले होते काय? ज्याला पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याने घर सोडले असे म्हणण्यापूर्वी त्याला घरात घेतले होते का, हे पाहिले पाहिजे.

आणि परतीच्या वाटेचे काय? १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला, एवढाच त्याचा दोष. न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. कायद्याने घर उघडून दिले, समाजाने लावून घेतले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्यासाठी कंबर कसली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. थोरला भाऊ नारायण तिकडेच राहिला, पाद्री झाला आणि जालन्याजवळ त्याने ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. एका घरातल्या दोन भावांची ही कथा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी अशी आहे. मसूरकर महाराजांनी गोव्यात गावड्यांना शुद्ध करून घेतले ते १९२८ साली. पतितपावन मंदिराचे दार उघडले १९३१ साली. बाळशास्त्र्यांनंतर पाऊणशेहून अधिक वर्षे मधे गेली होती.

या दीर्घ काळात मिशनरींपुढेही पौलाचाच प्रश्न उभा होता, आणि त्यांना तो नीट सुटला नव्हता. मराठी माणसाने ख्रिस्ती होण्यासाठी आधी अमेरिकन झाले पाहिजे काय? विलायती चालीची गीते, विलायती पोशाख, नाव बदललेले. गावाला तो परका वाटू लागला आणि त्यालाही गाव परके झाले. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाचा अवलंब करून एक वाट काढली. गोव्यात फादर स्टीफन्सने तर १६१६ सालीच मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ छापले होते. पण या प्रश्नाला जीव तोडून भिडले ते नारायण वामन टिळक.

कोकणात करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे नगर आणि आपली राहुरी ही त्यांची कर्मभूमी झाली. पत्नी लक्ष्मीबाईंवर घाला पडला. त्या लगेच धर्मांतरित झाल्या नाहीत. पाच वर्षे स्वतःशी झगडल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनी निर्णय घेतला. ‘स्मृतिचित्रे’ त्याची साक्ष देते. टिळकांनी अभंग आणि भजने लिहिली, कीर्तने केली, ख्रिस्ताला मराठी संतांच्या पंगतीत बसविले. देशप्रेमाची कविता त्यांनी सोडली नाही. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो साताऱ्यास. तेथे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद त्यांना नको होता. दोन वर्षांनी ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांचे धर्मांतर आपल्याला पटो न पटो. उपासना बदलली म्हणून भाषा, देश आणि पूर्वज बदलत नाहीत, हे त्यांनी जगून दाखविले. मिशनमधल्या अनेकांना तेच पचले नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मत्यागाची घोषणा केली, तेव्हा मिशनांच्याही आशा पालवल्या होत्या. पण १९५६ साली बाबासाहेब बुद्धाकडे गेले. लक्षावधी लोक त्यांच्यामागून गेले. ज्या वस्त्यांत शंभर वर्षे राहुट्या पडत होत्या, तेथे आता पंचशीलाचा ध्वज लागला. भारताच्या मातीतलाच धर्म त्यांनी निवडला. अपमानाने घर सोडणाऱ्यालाही आपली माती सोडायची नसते. हे मिशनरींना उशिरा उमगले. आपल्याला ते नीट उमगले आहे असे अजूनही म्हणवत नाही.

टिळकांच्या काळी मुंबईत ‘ज्ञानोदया’चे काम पाहणारे जस्टिन ॲबट नावाचे मिशनरी होते. निवृत्तीनंतर ते अमेरिकेस परतले. उरलेले आयुष्य त्यांनी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई आणि रामदास इंग्रजीत नेण्यात घालविले. १९३२ साली ते वारले. नरहर गोडबोले यांच्यासह त्यांनी केलेला ‘भक्तिविजया’चा अनुवाद १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘भक्तिविजय’ लिहिणारे महिपती याच राहुरी तालुक्यातले, ताहराबादचे.