डिस्चार्जनंतरचं बिल



माझे बाबा कंत्राटावर गटारं साफ करायचे. ठेकेदाराने बूट कधी दिले नाहीत. एकदा पायात पत्रा घुसला आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला. डॉक्टरांनी सहा आठवडे अँटिबायोटिक सांगितलं. 14 दिवस दवाखान्यात इंजेक्शन, मग 28 दिवस घरी गोळ्या.

दवाखान्यात आयुष्मान कार्ड चाललं. खाट, सलाईन, इंजेक्शन, कशालाच पैसे लागले नाहीत. घरी आल्यावर मात्र गोळ्यांना रोज 120 रुपये. 28 दिवसांचे 3360. बाबांची 400 रुपये रोजी तेव्हा बंद होती. खरं तर घरचा उपचार दवाखान्यातल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. पण तो खिशातून करायचा होता, म्हणून तोच आम्हाला झेपला नाही.

नवव्या दिवशी बाबा म्हणाले, "आता बरं वाटतंय. उगाच पैसे कशाला घालवायचे?" मी गप्प बसलो. दोन महिन्यांनी त्यांना पुन्हा भरती केलं. पायाचा अंगठा कापावा लागला.

मी तेव्हा बी.एस्सी. झालो होतो. घरातला पहिला पदवीधर. योजनेचे नियम वाचले ते त्यानंतर. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या धरलेल्या असतात. आम्हाला काउंटरवर सांगितलं, "योजना इथंच संपली." मी मान डोलावली. ते 15 दिवस मिळाले असते, तर 13 दिवसांचे 1560 रुपये उरले असते. तेवढे उसने मिळाले असते.

दुसरी गोष्ट. गोळी म्हणजे हलकं औषध, असं आपल्या वस्तीत समजतात. ब्रिटनमध्ये हाडांच्या आणि सांध्यांच्या जंतुसंसर्गाच्या 1054 रुग्णांवर अभ्यास झाला. तो 2019 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्या घेणाऱ्यांचा गुण इंजेक्शनवाल्यांपेक्षा कमी नव्हता. कोणाला काय चालेल ते डॉक्टरच ठरवतील. पण सुरू केलेला कोर्स पुरा व्हायला हवा.

म्हणून घरचं माणूस भरती असेल, तर डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तीन प्रश्न विचारा. गोळ्या एकूण किती दिवस? पॅकेजमधल्या 15 दिवसांच्या गोळ्या कुठे मिळतील? पुढच्या गोळ्या जेनेरिक नावाने लिहून द्याल का? ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात चौकशी करा. काउंटरवर नाही म्हणाले, तर तिथूनच 14555 ला फोन लावा.

बाबांच्या पायात बूट का नव्हते, याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ती लढाई लांबची आहे. काउंटरवरचा प्रश्न मात्र त्याच दिवशी विचारायचा असतो. मी विचारला नाही. तुम्ही विचारा.

जय भीम.