फ्यूज कोणाचे रक्षण करतो?



मी विद्युत-अभियंता नव्हे. मराठीचा विद्यार्थी आणि व्यवसायाने अनुवादक आहे. तेव्हा ब्रिटनमधील घरगुती वायरिंगवर मी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु तांत्रिक मजकुराचा अनुवाद करणाऱ्याला एक खोड जडते. वस्तू नेमके काय करते हे कळेपर्यंत त्याची लेखणी पुढे सरकत नाही. ‘फ्यूज’साठी मराठीत ‘वितळतार’ हा सुरेख शब्द आहे. तार वितळते, प्रवाह खंडित होतो, इथवर तो सारे सांगतो. पण त्यामुळे रक्षण कोणाचे झाले? बहुतेक लोक ‘माणसाचे’ असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे हे ब्रिटिश घराच्या उदाहरणावरून फार चांगले कळते. कारण तेथे फ्यूज थेट प्लगच्या पोटात जाऊन बसला आहे.

आपल्याकडचा तीन गोल पिनांचा प्लग मूळचा ब्रिटिशच. २, ५ आणि १५ अँपिअरचे असे प्लग दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथील घरांतून सर्रास दिसत. त्यांपैकी दोन आकार आपण उचलले आणि आज ते ६ व १६ अँपिअरचे म्हणून आपल्या भिंतींवर नांदत आहेत. ब्रिटनमध्ये मात्र घरांतून ते जवळजवळ हद्दपार झाले. गंमत अशी, की १५ अँपिअरचा तो दणकट प्लग तेथे आजही नाट्यगृहांच्या प्रकाशयोजनेत वापरला जातो.

त्या जुन्या व्यवस्थेत गोंधळ फार होता. एकाच घरात तीन-चार आकारांची सॉकेटे असत. एका खोलीतील उपकरण दुसऱ्या खोलीत चालेलच याची शाश्वती नसे. काही सॉकेटांना केवळ दोन छिद्रे असत, म्हणजे अर्थिंगचा पत्ताच नसे. अनेक घरांत वायरिंग फक्त दिव्यांपुरते होते; तेथे इस्त्रीची वायर छतावरून लोंबणाऱ्या दिव्याच्या होल्डरला जोडत. (‘अर्थ’ या शब्दाने मराठी अनुवादकाची नेहमीच पंचाईत होते. ‘या घराला अर्थ नाही’ असे लिहिले, तर वाचक भलतीकडेच जातो. शालेय पुस्तकांतील ‘भूसंपर्क’ हा शब्द त्यापेक्षा बरा.)

१९४२ साली, युद्ध चालू असतानाच, युद्धोत्तर घरांतील वीजजोडणीचा विचार करण्यासाठी इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या संस्थेने एक समिती बोलावली. तिच्यात कॅरोलाइन हॅस्लेट या एकमेव स्त्री सदस्य होत्या. १९२४ साली स्थापन झालेल्या ‘इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन’ या संस्थेच्या त्या संचालक. वीज स्वयंपाकघरात येणार, तेव्हा ती हाताळणाऱ्या बाईला आणि तिच्या पायांत घोटाळणाऱ्या मुलाला विसरून चालणार नाही, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. समितीचा अहवाल १९४४ साली प्रसिद्ध झाला आणि १९४७ साली चौकोनी पिनांच्या १३ अँपिअरच्या प्लगचे मानक निघाले. ते अद्याप चालू आहे.

तेराच अँपिअर का? त्या काळी ब्रिटिश घरात विजेची शेगडी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत. ३ किलोवॉटची शेगडी २४० व्होल्टवर साडेबारा अँपिअर प्रवाह घेते. ती घरातील कोणत्याही सॉकेटवर चालावी, आणि टेबलावरचा दिवाही त्याच सॉकेटवर चालावा, अशी अपेक्षा होती. या प्लगची तिसरी, भूसंपर्काची पिन इतर दोहोंपेक्षा लांब असते. ती आधी आत शिरते आणि सॉकेटमधील झडपा उघडते. मगच बाकीच्या पिनांना वाट मिळते. मुलाने सळई खुपसली, तर ती बंद झडपेवर अडते. पुढे १९८४ च्या सुधारित मानकात दोन्ही पिनांच्या मुळाशी रोधक आवरण आले, म्हणजे अर्धवट बसलेल्या प्लगच्या फटीत बोट गेले तरी धातूला लागत नाही.

आता फ्यूजकडे वळू. टेबलावरच्या दिव्याची वायर बारीक असते. तिला ३ अँपिअरहून फारसा अधिक प्रवाह सोसत नाही. पण भिंतीमागून येणारी तार जाड, आणि तिच्यावर फ्यूजपेटीत ३० अँपिअरचा पहारा. उद्या दिव्याच्या वायरीवर जादा भार आला, तर ३० अँपिअरच्या फ्यूजला त्याची दादही लागणार नाही. ती वायर मात्र पडद्याखाली शांतपणे तापत राहील. म्हणून प्लगमध्ये, त्या बारीक वायरीच्या उगमापाशीच, ३ अँपिअरचा फ्यूज बसवला. किटलीच्या प्लगमध्ये १३ चा. फ्यूज रक्षण करतो ते वायरीचे. वायर जळू नये आणि तिच्यामुळे घर पेटू नये, एवढेच त्याचे काम. दिव्याच्या प्लगमध्ये १३ चा फ्यूज घातला, तर दिवा उत्तम चालतो, पण पहारा संपलेला असतो. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षे उपकरणे प्लगशिवाय विकली जात आणि गिऱ्हाईक घरी नेऊन कसाबसा प्लग जोडी. १९९४ च्या नियमांनी योग्य फ्यूजसह प्लग जोडूनच माल विकणे बंधनकारक केले.

प्लगमध्ये फ्यूज आल्यामुळे भिंतीतील वायरिंगही बदलले. आपल्याकडे फ्यूजपेटीतून निघालेली तार सॉकेट घेत घेत पुढे जाते आणि शेवटच्या सॉकेटपाशी संपते. ब्रिटिश घरात ती शेवटच्या सॉकेटवरून परत पेटीत येते. कडे पूर्ण होते. प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी प्रवाह पोहोचतो, म्हणून अडीच चौरस मिलिमीटरची तुलनेने बारीक तार पुरते आणि ३० अँपिअरचा, आज ३२ चा, एकच विच्छेदक सुमारे १०० चौरस मीटर क्षेत्रातील वाटेल तितकी सॉकेटे सांभाळतो. युद्धाने तांबे दुर्मिळ केले होते. त्या काटकसरीला ही रचना मानवली.

मला विचाराल, तर या रचनेचा खरा दोष तिच्या चांगुलपणात आहे. साध्या तारेत एखादा सांधा तुटला की पुढची सॉकेटे बंद पडतात. किटली तापत नाही, घरधनी वायरमनला बोलावतो. कड्यातील सांधा सुटला तर काहीच घडत नाही. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंची सॉकेटे आपापल्या दिशेने वीज घेत राहतात. किटली तापते, धुलाईयंत्र फिरते. परंतु दोन वाटांनी वाटला जाणारा भार आता एकाच वाटेने जाऊ शकतो. नियमानुसार कड्याच्या तारेची क्षमता किमान २० अँपिअर हवी. कडे अखंड असेतो तेवढी पुरते. तुटलेल्या कड्यात मात्र तिच्यातून ३२ अँपिअर जाऊ लागले, तरी पेटीतील विच्छेदक हलणार नाही, कारण त्याच्या लेखी सारे मर्यादेतच आहे. तार भिंतीत तापते आणि बाहेर कोणालाही कळत नाही. हा बिघाड मोजल्यानेच सापडतो. कड्याची दोन्ही टोके पेटीतून सोडवून प्रत्येक तारेचा रोध टोकापासून टोकापर्यंत मोजावा लागतो. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांची वीजजोडणी निदान दर ५ वर्षांनी जाणकाराकडून तपासून घेणे घरमालकांवर २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. नुसते डोळ्यांनी पाहून असा दोष दिसला नसता.

मग माणसाचे काय? माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल. तो जीव घेण्यास पुरेसा आहे. ३ अँपिअरच्या फ्यूजला मात्र तो जाणवतसुद्धा नाही. माणसाचे रक्षण दोन गोष्टी करतात. पहिली भूसंपर्क: इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती भूसंपर्क तारेने मोठ्या प्रमाणात वाहते आणि येथे मात्र फ्यूज उडून मदतीस येतो. दुसरी, ब्रिटनमध्ये ‘आर. सी. डी.’ आणि आपल्याकडे ‘ई. एल. सी. बी.’ वा ‘आर. सी. सी. बी.’ म्हणून ओळखला जाणारा विच्छेदक. जाणारा आणि परतणारा प्रवाह तो सतत ताडून पाहतो. त्यांत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या शंभरातील तीन भागांचा, फरक पडला की बाकीची वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असावी असे मानून क्षणार्धात तोडतो. २००८ पासूनच्या ब्रिटिश नियमांत घरातील बहुतेक सॉकेटांना हे संरक्षण अपेक्षित आहे. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. लाकडी स्टुलावर उभे राहून कोणी एका हातात विद्युतयुक्त आणि दुसऱ्या हातात तटस्थ तार धरली, तर गेलेला प्रवाह तेवढाच परत येतो. विच्छेदकाच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे आणखी एक दिवा.

शेवटी राहिला सैल सांधा. फ्यूज, विच्छेदक, आर. सी. डी. या तिघांनाही तो दिसत नाही. स्क्रू ढिला झाला की तेथे उष्णता साचत जाते. ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकच्या वितरणपेट्या अशा सांध्यांमुळे पेटू लागल्या, तेव्हा २०१६ च्या जानेवारीपासून घरांतील नव्या पेट्या धातूच्या, वा तितक्याच न जळणाऱ्या वस्तूच्या, असाव्यात असा नियम झाला. पेटी धातूची झाल्याने सांधा घट्ट होत नाही. आग पेटीतच राहते, एवढेच. सांधा घट्ट करण्यासाठी आजही स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेला माणूसच लागतो.