ज्ञान, विश्वास आणि चिकित्सा

विद्यार्थ्यांना केवळ पाठांतर न शिकविता विचार करावयास शिकवावे, असे शिक्षणविषयक चर्चांतून वारंवार सांगितले जाते. या मागणीमागे बहुधा एक गृहीत असते. चिकित्सक बुद्धी ही एक स्वतंत्र शक्ती आहे आणि ती एकदा अंगी बाणली की कोणत्याही विषयाला लावता येते, असे ते गृहीत होय. ते कितपत खरे आहे हे तपासण्यास चंदीगड येथील पंजाब विद्यापीठात घडलेले एक प्रकरण फार उपयोगी पडते.

विश्वजित गुप्ता हे या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात प्राध्यापक होते. १९६०च्या दशकापासून सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी हिमालयातील जीवाश्मांवर शेकडो निबंध प्रसिद्ध केले. देशोदेशींचे शंभराहून अधिक शास्त्रज्ञ या ना त्या निबंधाचे सहलेखक होते. जीवाश्मांवरून खडकांचे वय ठरते आणि प्राचीन समुद्रांचा विस्तार कळतो. त्यामुळे हिमालयाच्या घडणीचा अभ्यास करणाऱ्यांना हे निबंध विचारात घेणे भागच होते.

१९८७ साली कॅनडातील कॅलगरी येथे डेव्होनियन कालखंडावर, म्हणजे सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळावर, एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांनी तेथे या निबंधांविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. १९८९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी त्या सविस्तर मांडल्या. हिमालयातील म्हणून वर्णिलेले काही अमोनॉइड मोरोक्कोत विक्रीस असणाऱ्या जीवाश्मांशी हुबेहूब जुळत होते. कोनोडाँट नावाचे काही सूक्ष्म, दातांसारखे जीवाश्म अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक येथील नमुन्यांसारखे होते. एकच नमुना निरनिराळ्या निबंधांत निरनिराळ्या ठिकाणचा म्हणून दाखविला गेला होता. गुप्ता यांनी आरोप नाकारले. परंतु पुढे विद्यापीठाने केलेल्या चौकशीत ते दोषी ठरले. तथापि त्यांना सेवेतून काढून टाकण्यात आले नाही.

इतकी वर्षे हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही, असा प्रश्न सहज उद्भवतो. सहलेखक अज्ञ नव्हते. आपापल्या विषयातील ते जाणकार होते. त्यांच्याकडे नमुना येई. तो कोणत्या प्राण्याचा व कोणत्या काळातला, हे ते बिनचूक सांगत. तो कोठे सापडला, ही गोष्ट मात्र ते पाठविणाऱ्याच्या शब्दावर स्वीकारीत. हिमालयातील ती स्थळे दुर्गम होती आणि निबंधांतील त्यांची वर्णने मोघम होती. म्हणजे एकाच विधानाचा अर्धा भाग ज्ञानावर उभा होता आणि अर्धा विश्वासावर. आणि पहिल्या अर्ध्या भागाच्या पक्केपणामुळे दुसराही पक्का भासत होता. तर्कशास्त्राच्या कुशल विद्यार्थ्याने हे निबंध वाचले असते, तरी त्याला अनुमानात दोष सापडणे कठीण होते. दोष अनुमानात नव्हताच. तो नमुन्यावरील चिठ्ठीत होता. तो ओळखण्यासाठी मोरोक्कोचे व न्यूयॉर्कचे जीवाश्म कसे दिसतात हे ठाऊक असावे लागते. चिकित्सेला विषयज्ञानाचा आधार लागतो, तो असा.

मग विश्वास ठेवूच नये काय? तसे म्हणणे व्यर्थ होय. कोणताही विद्यार्थी प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळून पाहू शकत नाही आणि परस्परविश्वासाखेरीज शास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही. प्रश्न एवढाच की, आपण कोठे जाणतो आणि कोठे केवळ मानतो, यांतील सीमारेषा विद्यार्थ्याला दिसते की नाही.

ही रेषा दिसेनाशी होण्याचे दुसरेही एक कारण आहे. मनात आधीच रुजलेले मत कोणता पुरावा तपासावयाचा हे ठरवीत असते. १९७९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे २४ व विरोधातले २४ विद्यार्थी निवडण्यात आले. दोन्ही गटांना तेच दोन अहवाल वाचावयास देण्यात आले. एक शिक्षेला अनुकूल, दुसरा प्रतिकूल. प्रत्येक गटाला स्वतःच्या मताविरुद्धच्या अहवालात उणिवा आढळल्या आणि मताला जुळणारा अहवाल भक्कम वाटला. वाचनाअंती दोन्ही गट आपापल्या मतावर अधिकच ठाम झाले. या विद्यार्थ्यांत चिकित्सा नव्हती असे नव्हे. ती एकाच दिशेने चालत होती.

यावरून दुसऱ्याचे मन वळविण्याविषयीही काही बोध होतो. पुरावा पुढे ठेवला की मत बदलते, ही समजूत भाबडी होय. पुरावा समोर येण्यापूर्वीच त्याची कसोटी उभयपक्षी ठरलेली असेल, तर मात्र पळवाटा कमी होतात. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची घेतलेली चाचणी या प्रकारची होती. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देण्यात आल्या. त्यांतील हुशार मुलांच्या कोणत्या व बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या कोणत्या, हे त्याने ओळखावयाचे होते. नियम आधीच सांगितलेले होते. ५१ ज्योतिषांना पत्रिका पाठविल्या गेल्या. २७ जणांनी उत्तरे पाठविली. नाणे फेकून ठरविले तरी सरासरीने २० उत्तरे बरोबर येतील. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची २४ बरोबर आली. यामुळे फलज्योतिषावरील श्रद्धा लोपली नाही. परंतु वाद ज्या भूमीवर करावयाचा ती भूमी स्पष्ट झाली आणि त्यात कोणाचा उपहास करावा लागला नाही. टॅलेंट यांच्या मांडणीचे बळही यातच होते. त्यांचे विधान कोणालाही दोन नमुने शेजारी ठेवून तपासता येण्याजोगे होते.

तेव्हा शिक्षकाने विद्यार्थ्याला ‘शंका घे’ एवढेच सांगून भागत नाही. त्याला विषय नीट शिकवावा लागतो. मग त्यातील प्रत्येक विधानाविषयी काही साधे प्रश्न विचारण्याची सवय लावावी लागते: हे कोणी पाहिले? कोठे पाहिले? दुसऱ्याला तेथे जाऊन पाहता येईल काय? आणि काय आढळले असता आपण आपले मत सोडू? यांतील शेवटचा प्रश्न उत्तर हाती येण्यापूर्वीच विचारावयाचा असतो.

या सवयीची गरज संपलेली नाही. हिमालयातील जीवाश्मांवरचे ते निबंध छापले गेलेले आहेत आणि ग्रंथालयांतील जुन्या अंकांत ते आजही वाचकाला भेटू शकतात. त्यांतील चित्रे खऱ्या जीवाश्मांची आहेत. चित्राखालचे स्थळ खरे की खोटे, हे त्या पानावर कोठेही लिहिलेले नाही.