छुपा कॅमेरा घ्यायचा म्हणता, तर हे ऐका

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना जाताना आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू आला. "ताई, तो पेनात बसवलेला कॅमेरा असतो ना, तो मिळतो कुठे?" कुणी बटणातला म्हणते, कुणी घड्याळातला, कुणाला चार्जरमधला हवा. बैठक संपून चपला घालताना, हळू आवाजात हा प्रश्न येतो. म्हणून ठरवलं की आज मोठ्यानेच बोलू.

आधी आमच्या मसाला केंद्राचं सांगतो. तीन महिन्यांत एकशे वीस किलो लाल मिरची घेतली आणि हिशोबात अठरा किलो कमी भरली. किल्ली एकाच बाईकडे. ती एकटी राहते, पाठीशी कुणी नाही, त्यामुळे बोट तिच्याकडे वळायला वेळ लागला नाही. दोघीतिघींनी सुचवलं, फळीवर छुपा कॅमेरा ठेवू, तिला कळायचं नाही. आम्ही म्हटलं, कॅमेऱ्याआधी काटा आणा. दहा किलो मिरची सगळ्यांसमोर मोजली, देठ खुडले, दोन दिवस कडक उन्हात वाळवली आणि पुन्हा मोजली. पावणेनऊ किलो भरली. खरेदीच्या वहीत देठासकट, ओलसर मिरचीचं वजन होतं आणि विक्रीच्या वहीत कोरड्या तिखटाचं. एकशे वीस किलोमागे पंधरा किलो तिथेच गेले. राहिले तीन किलो. त्यातलं काही कांडपाच्या यंत्रात राहत असेल, पण नक्की पत्ता लागला नाही.

एवढं झाल्यावर कॅमेऱ्याचा विषय संपेल असं वाटलं होतं. पण किल्लीवाली बाईच उभी राहिली. म्हणाली, "आता कॅमेरा लावाच. सगळ्यांना दिसेल असा लावा. पुढच्या वेळी तीन किलो कमी भरले तर पुन्हा माझ्याच तोंडाकडे बघाल." तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. दारावर एक, काट्यावर एक, गोदामात एक आणि अंगणात एक, असे चार उघडे कॅमेरे लावायचे आणि बाहेर पाटी लावायची, असा ठराव वहीत लिहिला.

मग विकणारा शोधायला निघालो. तालुक्याच्या गावी दोन दुकानं पाहिली. आमच्यातल्या दोघी पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन आल्या. मुंबईकडच्या गटांना लॅमिंग्टन रोड माहीत असेल, तिथेही असा माल ढिगाने मिळतो. मोबाइलवरच्या बाजारात तर शंभर रुपयांच्या वस्तूलाही 'गुप्तहेर' असं नाव देऊन विकतात. चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि बसवणी धरून आम्हाला तीन कोटेशन मिळाली, सोळा हजारांपासून एकोणतीस हजारांपर्यंत. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये रेकॉर्डरची हार्ड डिस्कच धरलेली नव्हती. म्हणजे चित्र दिसणार, पण साठणार नाही! विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "ती वेगळी घ्यावी लागते ना ताई."

दुकानदार खरा की खोटा हे कसं ओळखायचं? बिलावर जीएसटी क्रमांक असतो, पंधरा अक्षर-अंकांचा. महाराष्ट्रात नोंदवलेल्या दुकानाचा क्रमांक २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे दिसतं. आमच्या गटातल्या बारावीच्या मुलीने दोन मिनिटांत काढून दिलं. दुसरं म्हणजे, कॅमेऱ्याच्या खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो 'बीआयएस केअर' या मोफत ॲपमध्ये टाकून तपासता येतो. एप्रिल २०२५ पासून तर सीसीटीव्हीला सुरक्षेच्या चाचणीचीही अट आहे, कारण इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यातून दुसरंच कुणी आपल्या घरात डोकावू शकतं. जुना साठा खपवणारे असतात, म्हणून विचारायला लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बसवणारा पोरगा कॅमेरे बसवतो, स्वतःच्या मोबाइलवर ॲप उघडतो, चित्र दाखवतो, "झालं ताई" म्हणतो आणि निघून जातो. पासवर्ड त्याच्याकडेच राहतो! म्हणजे आपण केंद्रात काय करतो, कोण कधी येतं, हे तो घरी बसून पाहू शकतो. शेजारच्या एका गटात पाच महिने असंच चाललं होतं. म्हणून तो दारात असतानाच पासवर्ड बदलून घ्या, त्याच्या मोबाइलवरून आपला कॅमेरा काढायला लावा आणि मगच पैसे द्या. नवा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव या दोघींकडेच ठेवा, नवऱ्यांकडे नको.

वीज गेली की काय, हेही आधीच विचारा. आमच्याकडे भारनियमन असतं आणि चोर काही वीज येण्याची वाट बघत नाही. रेकॉर्डरला छोटा यूपीएस लागतो. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क घेतली तर साधारण पंधरवड्याचं चित्र राहतं, मग जुन्यावर नवं चढतं. तेव्हा चोरी झाली तर महिनाभराने जागं होऊन उपयोग नाही. कॅमेरा सूर्याच्या तोंडावर लावू नका, सकाळी नुसता काळा ठिपका दिसतो.

हे झालं उघड्या कॅमेऱ्याचं. आता छुप्या वस्तूंकडे येऊ. तपकीर गल्लीत पेन, बटण, घड्याळ असे सगळे प्रकार आमच्या दोघींनी हाताळून पाहिले. तास-दीड तासात बॅटरी संपते, आवाज खरखरतो आणि बॅटरी संपली की तारीख भलतीच दाखवायला लागते. पुरावा म्हणून द्यायचं तर तारीखच खोटी! शिवाय अशा रेकॉर्डिंगला न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ कार्ड जपून ठेवायचं, कापाकापी करायची नाही.

आणि काही ठिकाणी कॅमेरा लावणं हा सरळ गुन्हा आहे. न्हाणीघर, संडास, कपडे बदलायची खोली. बाईचं असं खासगी चित्रण केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. तेच चित्र पुढे पाठवणाराही त्यातच येतो. केंद्रात बायका साडी बदलून ॲप्रन घालतात ती खोली आम्ही ठरावातच वगळली. लग्नाच्या हॉलवर, लॉजवर कधी शंका आली तर दिवे घालवून मोबाइलची बॅटरी खोलीभर फिरवा. भिंगाची काच चमकते. धूर ओळखणारं यंत्र, घड्याळ, प्लगपॉइंट यांच्याकडे आधी बघा. काही सापडलं तर हात लावू नका, फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. चित्र मोबाइलवर फिरत असेल तर १९३० वर तक्रार करा.

आणखी दोन वस्तू गुपचूप विकल्या जातात. एक मोबाइलचा जॅमर आणि दुसरी रेंज वाढवणारा बूस्टर. दोन्ही तुम्हीआम्ही ठेवणं बेकायदेशीर आहे. वॉकी-टॉकीच्या बाबतीतही मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्यांना नोटिसा दिल्या, कारण परवाना लागतो की नाही हे ते गिऱ्हाइकाला सांगतच नव्हते. शेतावर रात्री राखणीला वॉकी-टॉकी घ्यायचा विचार असेल तर परवान्याचं आधी विचारा. वस्तू खराब निघाली आणि दुकानदार फिरवाफिरवी करतोय तर १९१५ हा ग्राहकांचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही. यासाठीच पक्कं बिल घ्यायचं.

आता चपला घालताना विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. विचारणाऱ्या सगळ्या जणींना गोदामासाठी कॅमेरा नको असतो. एकीने आम्हाला सांगितलं, "घरात काय होतं ते कुणाला खरं वाटत नाही. दाखवायला काहीतरी पाहिजे." माऊली, तुझं आम्हाला खरं वाटतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवरा-बायकोच्या दाव्यात गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं. पण ते प्रकरण नवऱ्याने बायकोचं बोलणं रेकॉर्ड केल्याचं होतं, हेही लक्षात असू द्या. ही दुधारी सुरी आहे. आणि घरात लपवलेलं पेन त्याच्या हाती लागलं तर त्या रात्री काय होईल, याचा विचार आधी करा. पुरावा दुसरीकडेही असतो. सरकारी दवाखान्यातला कागद, पोलीस ठाण्यातली नोंद, शेजारणीची साक्ष. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. १८१ हा महिलांचा क्रमांक दिवसरात्र चालतो. तालुक्याला एकटी जायला भीती वाटत असेल तर आमच्यातली कुणीतरी बरोबर येते. हे आम्ही नुसतं रेडिओवर बोलत नाही, याआधीही गेलो आहोत.

शेवटचा विषय वह्यांचा. आमच्या जुन्या गटाच्या वह्यांना वाळवी लागली. कुणीतरी सांगितलं, मायक्रोफोटोग्राफी करून घ्या, सगळी कपाटभर वही काडेपेटीत मावते. ऐकायला गंमत वाटली म्हणून माहिती काढली. गोष्ट जुनी आहे. १८३९ मध्ये जॉन डान्सरने असा चिमुकला फोटो काढला होता. १८७० मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा रने दाग्राँ या फोटोग्राफरने हजारो निरोप फिल्मवर बारीक केले आणि ते कबुतरांच्या शेपटीला नळी बांधून शहरात पोचवले. तिथे दिव्याने भिंतीवर मोठे करून कारकून ते उतरवून घेत. आजही मोठी अभिलेखागारं मायक्रोफिल्म ठेवतात, कारण ती वाचायला भिंग आणि उजेड पुरतो.

पण सेवा शोधायला गेलो तर विकणाऱ्यांचाच गोंधळ. एकाने मायक्रोस्कोपमधून दाण्याचा फोटो काढून देतो म्हणून सांगितलं, दुसऱ्याने मसाल्याच्या पाकिटाचे जवळून फोटो. मोठ्या कागदाचा इवलासा फोटो हवा की इवल्याशा वस्तूचा मोठा, हे आधी स्पष्ट बोलायचं. आणि आमच्या सात वह्यांना मायक्रोफिल्मचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. आम्ही मोबाइलनेच सकाळच्या उजेडात, वही सपाट ठेवून, पानामागून पान फोटो काढले. एक प्रत ग्रामसंघाच्या संगणकावर आहे आणि एक पेनड्राइव्हवर, बँकेच्या कागदांबरोबर. कर्जाच्या पानांवर सभासदांचे अंगठे आणि आधार क्रमांक असतात, म्हणून ते फोटो कुणाच्याही व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत असं ठरलं आहे.

कोटेशन मागताना विचारायच्या प्रश्नांचा कागद आम्ही केला आहे, तो ग्रामसंघाच्या कार्यालयात मिळेल. मिरचीचा नवा हिशोब पुढच्या महिन्यात लागेल. या वेळी देठ वेगळे मोजलेत.